डोळ्यांच्या चालीवरून ओळखलेला आजार

मोठे दुखणे आले की कोपरीपासून मुंब्र्यापर्यंतच्या घरांत एक सल्ला ठरलेला असतो: "जेजेला न्या." त्याच भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात एका डॉक्टरने मेंदूविज्ञानात केलेल्या कामाचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

डॉ. नोशीर वाडिया (1925–2016) हे सुरतेत जन्मलेले पारशी. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, लंडनला रसेल ब्रेन यांच्या हाताखाली तयार झाले आणि 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईला परतून जेजेत मेंदूविकार विभाग उभारला.

चालताना तोल जाणारे, जीभ जड झालेले रुग्ण त्यांच्याकडे येत. असे आनुवंशिक आजार वैद्यकाला आधीपासून माहीत होते. वाडियांनी काही रुग्णांत एक वेगळी गोष्ट टिपली, ती डोळ्यांची चाल. आपण वाचतो तेव्हा नजर ओळीवरून सरपटत नाही, उड्या मारते. मराठीत डावीकडून उजवीकडे, उर्दूत उजवीकडून डावीकडे, पण उडीच. या रुग्णांची नजर मात्र संथ सरकत होती. 1971 मध्ये डॉ. स्वामी यांच्यासह त्यांनी नऊ कुटुंबांचा अभ्यास 'ब्रेन' या नियतकालिकात छापला आणि हा वेगळा आजार असल्याचे मांडले.

त्याच वर्षी मुंबईत डोळे येण्याची साथ होती. ती 1969 मध्ये घानात सुरू होऊन जगभर पसरली होती. डोळे बरे झाल्यावर काही जणांच्या पायांतली ताकद पोलिओसारखी जाऊ लागली. वाडिया, इराणी आणि कात्रक यांनी 1973 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या दोन्हींचा संबंध दाखवला. साधी वाटणारी साथ मज्जारज्जूपर्यंत पोचते, हे मुंबईच्या रुग्णांवरून जगाला कळले.

संथ नजरेच्या आजाराचे कोडे पुढे सुटत गेले. क्युबातल्या ओल्गीन भागात असे रुग्ण मोठ्या संख्येने होते. 1996 मध्ये तीन गटांनी बाराव्या गुणसूत्रावरचे जनुक शोधले. त्यात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक माणसांत तो 22 वेळा असतो, 33च्या पुढे गेला की आजार होऊ शकतो. आज या आजाराला एससीए-2 म्हणतात. 2010 मध्ये याच जनुकाचा संबंध एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराशीही जोडला गेला. जेजेत टिपलेले एक लक्षण इतके दूर पोचले.

आपल्या घरांना याचा उपयोग काय? घरात असा आजार निघाला की कुणी नजर लागली म्हणते, कुणी करणी. थोडे शिकलेले म्हणतात, "चुलत-मामे भावंडांत लग्ने केली, म्हणून झाले." एससीए-2 बाबत हे खरे नाही. आई किंवा वडील, एकाकडूनच सदोष जनुक आले तरी आजार होतो. प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी, मग लग्न नात्यात असो वा बाहेर. आजार बहुधा तिशी-चाळिशीत दिसतो, तोवर मुले झालेली असतात.

उलट उदाहरणही वाडियांच्याच कामात आहे. 1968 मध्ये दस्तूर आणि मंघाणी यांच्यासह त्यांनी भारतातल्या 16 कुटुंबांतल्या विल्सन आजारावर लिहिले. त्यात तांबे यकृतात आणि मेंदूत साचते. इथे आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावे लागते, म्हणून नात्यातल्या लग्नात धोका खरोखर वाढतो. पण याला औषध आहे. वेळेवर ओळखला आणि औषध जन्मभर घेतले, तर रुग्ण चांगला जगू शकतो. एका मुलात हा आजार निघाला की त्याच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी करायला हवी.

म्हणजे "घराण्यातच आहे" हे एक वाक्य पुरेसे नाही. कुठला आजार, कुठल्या नियमाने चालतो, हे विचारावे लागते. आणि ते कळायला आजोबा कसे चालत, फुफीची जीभ कधी जड झाली, हे डॉक्टरांना सांगावे लागते. रिश्ता मोडेल या भीतीने आपण नेमके तेच लपवतो. त्या नऊ आणि सोळा कुटुंबांनी लपवले असते, तर वाडियांच्या हाती काय लागले असते?