घन ऑक्साइड घट : इंधनवायूंनुसार कार्यमानाचे गणित

घन ऑक्साइड इंधन-घटाला हायड्रोजन, नैसर्गिक वायू, बायोगॅस किंवा अमोनिया दिल्यास किती व्होल्टेज, किती प्रवाह आणि किती उष्णता मिळेल, हे समीकरणांनी आधीच काढण्याची पद्धत. हे घट सु. ६००° ते १,०००° से. तापमानाला चालतात. हवेतील ऑक्सिजनचे आयन इट्रियायुक्त झिर्कोनियाच्या घट्ट थरातून इंधनाच्या बाजूला जातात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या मंडलातून फिरतात. असा पहिला घट बाउर आणि प्राइस यांनी १९३७ मध्ये चालवून दाखवला.

गणिताचा पाया नेर्न्स्ट समीकरण हा आहे. ८००° से. ला हायड्रोजनमध्ये ३% वाफ आणि दुसऱ्या बाजूला हवा असेल, तर घट सु. १.१० व्होल्ट दाखवतो. त्याच हायड्रोजनपैकी ८०% जळून वाफ झाली, की बाहेर पडणाऱ्या वायूपाशी हा आकडा ०.८८ व्होल्टवर येतो. म्हणजे एकाच घटाच्या दोन टोकांना दोन वेगळी व्होल्टेज संभवतात. पण वीज गोळा करणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमुळे प्रत्यक्ष व्होल्टेज सगळीकडे एकच राहते, त्यामुळे प्रवाहाची वाटणी असमान होते. म्हणून घटाच्या लांबीचे लहान तुकडे पाडून हिशेब करणे भाग पडते. प्रत्येक तुकड्याच्या व्होल्टेजमधून तीन प्रकारचा तोटा वजा होतो : अभिक्रिया सुरू करण्याचा, रोधाचा आणि सच्छिद्र थरातून वायू पोहोचवण्याचा.

इंधन बदलले, की व्होल्टेजपेक्षा उष्णतेचे गणित जास्त बदलते. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांची प्रमाण व्होल्टेज सु. ८१५° से. ला जवळजवळ सारखीच असतात. शिवाय इंधनाच्या बाजूच्या थरातील निकेलवर वाफेच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइडचे हायड्रोजनमध्ये रूपांतर झपाट्याने होते. त्यामुळे अनेक प्रतिमानांत वीज फक्त हायड्रोजनपासून मिळते असे धरतात, आणि बहुतेक वेळा ते चालून जाते. नैसर्गिक वायूतील मिथेनचे तसे नाही. वाफेशी होणारी त्याची अभिक्रिया प्रतिमोल २०६ किलोज्यूल उष्णता शोषून घेते आणि ती प्रवेशाशीच उरकते. तिथे घट थंड पडतो, पुढे तापतो, आणि या फरकाने सिरॅमिकला तडे जाऊ शकतात. सगळीकडे एकच तापमान धरणारे प्रतिमान हा फरक दाखवू शकत नाही. वाफ कमी पडली, तर निकेलवर काजळी साचते. म्हणून प्रत्येक कार्बनमागे साधारण दोन ते तीन रेणू वाफ देतात. अमोनियात काजळीचा प्रश्नच नाही. तो निकेलवर फुटून नायट्रोजन व हायड्रोजन देतो, मात्र नायट्रोजनमुळे इंधन विरळ होते. बायोगॅसमधील हायड्रोजन सल्फाइड काही दशलक्षांश एवढ्या प्रमाणातही निकेलची क्रियाशीलता घटवतो, आणि समतोलावर आधारलेल्या प्रतिमानाला त्याचा पत्ताही लागत नाही.

अभिक्रियावेगाचे स्थिरांक प्रयोगांशी जुळवून काढलेले असतात, आणि पुष्कळदा ते प्रयोग शुद्ध हायड्रोजनवरचे असतात. तेच स्थिरांक मिथेनला लावून काढलेल्या आलेखावर, मिथेनवरील मोजमापाशी ताडून पाहिल्याशिवाय, विश्वास ठेवू नये.