उंबरठा आणि साथीची वही

साथ आली की सरकारला दारात यावेच लागते. पण आत कसे शिरायचे आणि आत दिसले त्याची वही पुढे कोणाच्या हाती ठेवायची, हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांचा आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि मार्चपासून पुण्यात गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेऊ लागले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकलो. पुढचे पान मात्र फारसे उलटले जात नाही. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत एका आजारी मुलीला तपासू देण्यास जुलाहा विणकरांनी नकार दिला आणि दंगल पेटली. मी मुसलमान घरातला. पडदा या शब्दाचे वजन मला ठाऊक आहे. पण सोवळ्याचे देवघर काय नि जनाना काय, उंबरठा सारखाच. धाकाने लोक रोगी लपवू लागले, आणि लपलेला रोग पसरतच गेला. अखेर सरकारलाच सक्ती सैल करावी लागली.

तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला. विलगीकरणात धाडलेल्यांच्या हातावर शिक्के उमटले. आमच्या रामवाडीसारख्या, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या गावांना तर मुंबईहून येणारा आपलाच माणूस परका वाटू लागला. २ एप्रिलला ‘आरोग्य सेतू’ आले. खिशातला फोन जवळ आलेल्या दुसऱ्या फोनची आणि ठिकाणाची नोंद ठेवू लागला. १ मे रोजी ते नोकरदारांना सक्तीचे झाले. १७ मे रोजी ती सक्ती सैल झाली. माहिती १८० दिवसांत पुसण्याचा नियम ११ मे रोजी आला, पण त्यामागे संसदेचा स्वतंत्र कायदा नव्हता. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तर २४ ऑगस्ट २०१७ चा!

सोल्जरच्या बुटांचा आवाज शेजाऱ्यालाही ऐकू येई. फोनला बूट नाहीत. आज दवाखान्याच्या खिडकीवर ‘आभा’ क्रमांक विचारला जातो. तो ऐच्छिक आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. डॉक्टरांपासून दुखणे लपवू नये. पण काय लिहिले, कोण वाचणार आणि केव्हा पुसणार, हे तीन प्रश्न विचारायला संकोचही करू नये. त्यांची सरळ उत्तरे मिळाली, तर लोक आपणहून दार उघडतील.