नाशिकची तांबडी वाइन

नाशिकच्या पश्चिमेस, गंगापूर धरणाच्या जलाशयाजवळ, टेकडीच्या उतारावर द्राक्षवेलींच्या ओळी व ‘यॉर्क’ नांवाची वाइनरी आहे. नांव विलायती वाटतें. पण तें गुरनानी कुटुंबांतील तीन भावंडांच्या नांवांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून जुळविलेलें आहे, हें कळल्यावर आम्हांस मौज वाटली. शिराझ व कॅबर्ने सोव्हिन्याँ या काळ्या द्राक्षांच्या तांबड्या वाइनसाठीं हें ठिकाण विशेष ओळखलें जातें. आम्ही स्वतः मद्य घेत नाहीं. तेव्हां चवीविषयीं बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. बोलावयाचें आहे तें इतिहासाविषयीं. कारण त्या बाबतींत दोन परस्परविरुद्ध समज आपल्या सुशिक्षित समाजांत सारख्याच आत्मविश्वासानें सांगितले जातात. एक असा कीं, हें सर्व पाश्चात्त्यांचें अनुकरण आहे. दुसरा असा कीं, आपल्या पूर्वजांस हें सर्व ठाऊकच होतें.

दुसरा समज आधीं घेऊं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटलें आहे, हें खरें. पण त्याच्या प्रकारांचीं जीं नांवें दिलीं आहेत, कापिशायन व हारहूरक, तीं दोन्ही वायव्येकडील प्रदेशांचीं. म्हणजे त्या काळींही तो पदार्थ दूरचाच. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत भडोच बंदरीं येणाऱ्या मालाची यादी आहे. तींत मद्य आहे आणि इटलीच्या मद्यास अधिक पसंती होती असें म्हटलें आहे. तेथील राजा म्हणून ज्याचा निर्देश येतो तो बहुतेक पंडितांच्या मतें क्षत्रप नहपान होय. याच नहपानाचा जांवई उषवदात याचे शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत. त्यांत त्यानें केलेल्या दानांची मोठी यादी आहे. गाई आहेत, गांवें आहेत, बत्तीस हजार नारळीचीं झाडें आहेत. द्राक्षवेल मात्र नाहीं. नेवासें व तेर येथील उत्खननांत रोमन मद्यकुंभांचे तुकडे सांपडले आहेत. तुकडे कुंभांचे आहेत, वेलींचे नाहींत! पिणारे येथें होते, पिकविणारे नव्हते, एवढाच अर्थ त्यांतून निघतो.

आतां पहिला समज. नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षबागायतीचा आरंभ 1925 सालीं ओझर येथें रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी केला असें सांगतात. ही बाग खाण्याच्या द्राक्षांची होती. पुढें भोकरी गेली, थॉमसन सीडलेस आली. निफाड व दिंडोरी तालुके द्राक्षांनीं भरून गेले. या काळांत कुणब्यानें जी विद्या साधली तिचें मोल आम्हांस फार वाटतें. नाशिकच्या हवेंत वेल युरोपांतल्याप्रमाणें हिवाळ्यांत झोपीं जात नाहीं. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करावयाची आणि पावसाळा सरतांना गोडी छाटणी करून फळ धरावयाचें. वर्षांतून दोनदां वेल छाटावयाची आणि पीक एकदांच घ्यावयाचें, हें बोर्दो येथील बागवानास चमत्कारिक वाटेल. पुढें वाइनची द्राक्षें आलीं तीं याच हातांत आलीं. सुमारें 600 मीटर उंचीवरील थंड रात्रींनीं त्यांतील आंबटपणा राखला आणि उतारावरील मुरमानें पाणी सांठूं दिलें नाहीं. यांस निव्वळ अनुकरण कसें म्हणावें?

मध्यंतरीं कायद्याचा प्रकार मोठा गमतीचा. 1949 सालीं मुंबई प्रांताचा दारूबंदीचा कायदा झाला आणि सुधारलेल्या रूपांत तोच येथें आजही चालतो. त्याच कायद्याच्या छायेंत 1997 सालीं राजीव सामंत यांनी गंगापूरजवळ आपल्या कौटुंबिक जमिनींत वाइनची द्राक्षें लावलीं, आणि 2000 सालीं आपल्या आईच्या, सुलभाबाईंच्या, नांवावरून ‘सुला’ म्हणून वाइन बाजारांत आणली. 2001 सालीं राज्य सरकारनें द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून करसवलती दिल्या. विंचूर येथें वाइन पार्क उभें राहिलें. बंदीचा कायदाही सरकारचाच व उत्तेजनाचें धोरणही सरकारचेंच!

या उत्तेजनाची दुसरी बाजू शेतकऱ्यानें भोगली. वाइनचें द्राक्ष लहान, जाड सालीचें, बियांचें. तें पाटींत घालून बाजारांत विकतां येत नाहीं. कारखान्यानें घेतलें तरच पैसा. 2008 च्या मंदीनंतर मागणी घटली तेव्हां कित्येकांनीं हाताशीं आलेल्या बागा उपटून टाकल्या. लावलेली वेल उपटणें म्हणजे काय, हें बाटलीकडे पाहून कळावयाचें नाहीं.

‘यॉर्क’ या वादळांतून तगली. घरांतील एक मुलगा ऑस्ट्रेलियांत ॲडलेड येथें हें शास्त्र शिकून आला. द्राक्षांच्या साली रसांत किती दिवस ठेवावयाच्या, हा तांबड्या वाइनच्या रंगाचा व तुरटपणाचा सर्व प्रश्न, त्याचे निर्णय घरींच होऊं लागले. तरीही 2021 सालीं ही वाइनरी ‘सुला’ नें विकत घेतली. घराण्याचा धंदा मोठ्या कंपनींत विलीन होणें ही जगभराचीच रीत. आम्हांस मात्र त्या तीन आद्याक्षरांची चुटपुट लागून राहिली. पाटी अद्याप तीच आहे.

पुढल्याच वर्षीं, जानेवारी 2022 मध्यें, मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला व विरोधाचा कल्लोळ उठला. निर्णय अमलांत आला नाहीं. त्या वादांत दोन्ही बाजूंनीं संस्कृतीचें नांव घेतलें गेलें. विरोधकांची व्यसनाविषयींची काळजी आम्हांस खोटी वाटत नाहीं. दारूनें उद्ध्वस्त झालेलीं घरें आम्हींही पाहिलीं आहेत. परंतु त्या चर्चेंत ओझरची बाग, गोडी छाटणी व उपटलेल्या वेली यांचा उल्लेख आमच्या कानीं फारसा आला नाहीं. त्या आठवड्यांत गंगापूरच्या उतारावर काढणीचे दिवस जवळ आले होते आणि बायका पहांटेच्या गारठ्यांत कात्री घेऊन ओळींत उतरत होत्या.