सरकारी घोडा आणि पालखीचा मान

हुद्द्यासोबत वाहन देण्याची पद्धत महाड-पोलादपूरच्या मुलखाने शिवकाळातच पाहिली. महाड तालुक्यातील रायगड ही स्वराज्याची राजधानी होती. तिथे ३१ पायऱ्या चढून गेल्यावर लागतो तो पालखी दरवाजा. पुढे राणीवशाकडे मेणा दरवाजा आहे.

घोडदळात दोन वर्ग होते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येई. घोडा मेला तर नुकसान त्याचेच. बारगिराला घोडा आणि हत्यारे सरकारकडून मिळत. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. पाच हवालदारांवरील जुमलेदाराला सालीना ५०० होन आणि पालखी मिळे, असे सभासद बखरीत नमूद आहे.

या सवलतींना हिशेबाची शिस्त होती. मोकासा (गावाच्या महसुलाचा हक्क) तोडून न देता वेतन रोख किंवा वरातीने (खजिन्यावरील चिठ्ठीने) चुकते होई. दसऱ्यानंतर स्वारीवर निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी होई आणि परतल्यावर झडती घेतली जाई. घोडा सरकारचा, त्यामुळे तो बारगिराची मिळकत ठरत नसे.

पेशवाईत पालखीच्या खर्चासाठी स्वतंत्र नेमणूक मिळू लागली आणि पालखी प्रतिष्ठेची खूण बनली. त्याच काळात न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे मात्र घरात एका दिवसापुरताच शिधा ठेवत, असे इतिहासकार ग्रँट डफने लिहिले आहे. मोठ्या पदावर राहूनही गरजा आटोपशीर ठेवता येतात, याचा हा थोर दाखला आहे. हुद्द्यासोबत मिळणाऱ्या वाहनाचा हिशेब आजही होतो: प्राप्तिकर नियमांत कंपनीच्या मोटारीचा खासगी वापर पगाराचाच भाग मानला जातो.