मुकणे, यशवंतराव मार्तंडराव

(१९१७–१९७८). जव्हार संस्थानचे अखेरचे अधिपती, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलातील फ्लाइट लेफ्टनंट आणि पुढे काँग्रेसचे खासदार. राजे म्हणून त्यांचे नाव पतंगशहा पाचवे. मराठवाड्यात, विशेषतः नांदेड-लातूरकडच्या महादेव कोळी वस्त्यांत, ‘जव्हारचे मुकणे’ हे घराणे अभिमानाने सांगितले जाते. कारण मुकणे महादेव कोळी होते. महाराष्ट्रात आदिवासी राजघराणे म्हटले की पहिले नाव त्यांचेच निघते.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे जव्हार हे संस्थान डोंगराळ, जंगलाचे आणि उत्पन्नाने बेताचे. तोफांची सलामी नऊ. मूळपुरुष जयबा मुकणे. त्यांनी बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या काढून अख्खा मुलूख वेढला, अशी दंतकथा आहे. दिल्लीच्या सुलतानाने १३४३ मध्ये या घराण्याला मान्यता देऊन ‘निमशहा’ हा किताब दिला, असे परंपरा सांगते. सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले होते, ही आठवण गावकरी आजही पाहुण्याला आधी सांगतात.

यशवंतरावांना गादी मिळाली १९२७ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी. कारभाराचे पूर्ण अधिकार हाती आले १९३८ मध्ये. जव्हारचा जयविलास राजवाडा त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे. संस्थान हाती आल्यावर दोन वर्षांच्या आतच दुसरे महायुद्ध पेटले.

युद्धकाळातील त्यांचे पाऊल नीट कळायचे तर इतर संस्थानिकांकडे पाहावे. संस्थानिकांची मदत बहुधा पैशाच्या रूपाने जाई. नांदेड-लातूरकडचा सारा मुलूख तेव्हा हैदराबादच्या ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याने पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना विमानांसाठी पैसा पुरवला. त्यातून उभी राहिलेली ११० क्रमांकाची स्क्वाड्रन ‘हैदराबाद’ या नावानेच ओळखली गेली. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनलाही तेच नाव मिळाले. त्या विमानांत रयतेचा पैसा होता. निजाम स्वतः मात्र गणवेशात गेला नाही. जव्हारच्या तरुण राजाकडे स्क्वाड्रनभर विमाने देण्याइतका खजिना कुठला! तो स्वतःच हवाई दलात दाखल झाला.

हिंदी माणसावर लष्करभरतीची सक्ती कधीच नव्हती. युद्धाच्या अखेरीस फौजेत असलेले सुमारे २५ लाख हिंदी सैनिक स्वेच्छेने भरती झालेले होते (त्यांतल्या अनेकांची ‘स्वेच्छा’ पोटाच्या प्रश्नातून आलेली, हे वेगळे). हवाई दल तर अगदीच लहान. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालेल्या या दलाकडे १९३९ मध्ये एकच स्क्वाड्रन होती. किनाऱ्यांच्या रक्षणासाठी स्वयंसेवक राखीव दल उभे करून मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची अशा बंदरांवर तुकड्या ठेवाव्या लागल्या, त्याही जुनाट वापिती विमानांवर. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बाँब पडले, तेव्हा ही तयारी किती तोकडी आहे हे उघडे पडले. युद्ध संपेपर्यंत स्क्वाड्रन नऊ झाल्या आणि मार्च १९४५ मध्ये दलाला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. यशवंतरावांचा फ्लाइट लेफ्टनंट हा हुद्दा भूदलातील कॅप्टनच्या तोडीचा.

१९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात गेले. खरी परीक्षा यानंतरची. शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागात १९४५ पासून वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता आणि गोदावरी व शामराव परुळेकर या कम्युनिस्ट दांपत्याने तिथे लाल बावटा रोवला होता. १९५७ च्या निवडणुकीत शामराव ठाण्यातून लोकसभेवर गेले. अशा भागात काँग्रेसला आदिवासींच्या ओळखीचा माणूस हवा होता. १९६२ मध्ये यशवंतराव भिवंडीतून आणि १९६७ मध्ये डहाणूतून निवडून आले. डहाणूची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होती. राजेपद गेलेला माणूस आदिवासी म्हणून उमेदवारी अर्ज भरतो आणि जुन्या रयतेपुढे मत मागायला उभा राहतो, असे दृश्य महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण. ग्वाल्हेर-बडोद्याच्या राजघराण्यांवर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी जव्हारला दोन ओळींत उरकले, हा अन्यायच.

१९७१ मध्ये डहाणूतून काँग्रेसचेच लक्ष्मण दुमाडा निवडून आले. त्याच वर्षअखेर सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मानमरातब संपले. १९७८ मध्ये यशवंतरावांचे निधन झाले.

मराठवाड्यातील महादेव कोळ्यांना जात वैधता प्रमाणपत्रासाठी आजही उपोषणे, मोर्चे करावे लागतात. जव्हारशी त्यांचे नाते किती, हा वादाचा मुद्दा आहे. त्याचा निवाडा समित्या आणि न्यायालये करतात, तो या नोंदीचा विषय नाही.

जव्हार तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. डहाणू लोकसभा मतदारसंघ पुनर्रचनेत संपला. २००९ पासून त्या जागी पालघर मतदारसंघ असून तोही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.