डायनामो गेला, अल्टरनेटर आला

परभणीकडच्या वराती आणि निवडणुकीचा प्रचार ज्यांनी जुन्या जीपमागून चालत पाहिलाय, त्यांना आठवत असेल. कर्णा वाजू लागला की पुढचे दिवे पिवळे पडायचे आणि ड्रायव्हर उगाचच अॅक्सिलरेटर दाबून धरायचा. आम्हा पोरांना वाटायचं, रुबाब दाखवतोय! रुबाब कसला, डायनामोची मजबुरी होती ती.

डायनामोत वीज तयार करणारं आर्मेचरच फिरतं आणि सगळा करंट कार्बनमधून बाहेर काढावा लागतो. फार वेगाने फिरवलं तर त्याच्या गुंडाळ्या सुटतील, म्हणून पुली मोठी ठेवायची. परिणाम काय, तर गाडी वरातीच्या चालीने चालली की चार्जिंग जवळपास शून्य. ब्रिटिश गाड्यांत सर्रास दिसणारा लुकासचा सी-४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर द्यायचा, म्हणजे साधारण २६० वॅट. दिवे, हॉर्न, वायपर एवढाच हिशोब. पुढे कुणी त्यावर कर्ण्याचं मशीन, टेप आणि पंखा जोडेल, हे बर्मिंगहॅमच्या माणसाच्या मनात कशाला येईल?

अल्टरनेटरची कल्पना जुनीच होती. अडचण एवढीच की त्यातून एसी वीज निघते आणि बॅटरीला हवी डीसी. सिलिकॉनचे छोटे, स्वस्त डायोड आले आणि प्रश्न सुटला. १९६० सालच्या क्रायस्लर व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर कारखान्यातूनच बसून आला. यात वीज देणारी गुंडाळी स्थिर असते, चुंबक फिरतं आणि कार्बनमधून थोडासाच करंट जातो. त्यामुळे पुली छोटी, वेग जास्त आणि गाडी उभी असतानाही चार्जिंग. लुकासचाच १७-एसीआर अल्टरनेटर ३६ अँपिअर देऊ लागला.

आपल्याकडे १९६१ साली चेन्नईजवळ पाडीला लुकास-टीव्हीएस सुरू झाली, तरी जुन्या गाड्यांतला डायनामो पुढे बरीच वर्षं टिकून होता. १९८३ साली मारुती ८०० आली ती अल्टरनेटर घेऊनच. मग जुन्या गाड्यांचे मालकही मेकॅनिककडे जाऊ लागले. कटआउट काढा, ब्रॅकेट बनवा, अल्टरनेटर बसवा!

खरी गोम इथेच आहे. २२ अँपिअरसाठी ओढलेल्या वायरीतून ३६ अँपिअर गेले तर ती तापते, आणि डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरमधून सगळा करंट जात असेल तर तोही. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे; तो तसाच ठेवून अल्टरनेटर जोडला की डायोड गेलेच. त्यात आपला मे महिना. तापलेला अल्टरनेटर थंड असतानापेक्षा कमीच वीज देतो.

गंमत अशी की हा खटाटोप बहुतेकांनी गाण्यांसाठी केला, पण उपयोग झाला तो दिव्यांना. गंगाखेड रस्त्याला रात्री उसाच्या बैलगाड्या लागतात. मागे दिवा नाही, असलाच तर एखादा रिफ्लेक्टर. तिथे आपल्या गाडीचे दिवे पिवळे पडले तर बैलगाडी दिसते ती अगदी बंपरशी आल्यावर.

तेव्हा भाच्या-पुतण्यांनो, हौसेने फॉग लाइट आणि अँप्लिफायर जरूर लावा. पण आधी वॅटची बेरीज करून बाराने भागा, वायर आणि फ्यूज त्या हिशोबाने घ्या आणि मगच अल्टरनेटरला हात घाला. आणि रात्री गंगाखेडला निघालात तर गाणी जरा हळू लावा.