ताई ची आणि ज्येष्ठांचे आरोग्य

ताई ची : चीनच्या हनान प्रांतात सतराव्या शतकात आकाराला आलेली युद्धकला, आता प्रामुख्याने संथ व्यायामपद्धती. गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेल्याने मांड्यांचे बळ व तोल सुधारतो. १९५६ मध्ये चीनमध्ये २४ हालचालींचा सोपा क्रम तयार झाला. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार या सरावाने ज्येष्ठांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी घटू शकते. गुडघेदुखी किंवा चक्कर असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा व खुर्चीचा आधार जवळ ठेवून सराव करावा.